चाराला एक

चौगुलेकाकांनी घर घेतलं ते झाडासाठी. सिडनीतल्या गिरावीनमध्ये घर बघायला येणारे लोक स्टेशन किती मिनिटांवर, शाळा कुठली, गॅरेज एक गाडीचं की दोन, हे विचारतात. काका पुढच्या दारातून आत शिरले आणि मागच्या दारातून थेट अंगणात गेले. तिथे पाच टोकांच्या पानांचं एक उंच झाड होतं. एजंट म्हणाला, "लव्हली मेपल, मेट." काकांनी खोडावर हात ठेवला आणि काकूंना सांगितलं, "हे घर घ्यायचं. आतनं बघायचं असलं तर तू बघून ये."

हे मला सुमनकाकूंनीच सांगितलं. मी त्यांच्या कुंपणापलीकडे राहते. वेस्टमीडच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, शिफ्ट लावते, लोकांच्या रजा नाकारते. मी डॉक्टर नाही हे मी काकांना बारा वर्षं सांगितलं आणि बारा वर्षं ते मला डॉक्टरीणबाई म्हणत राहिले. शेवटी ते माझं नावच झालं. पोस्टमनसुद्धा एकदा तसं म्हणाला.

काका मूळ कागलजवळच्या एका गावचे. चार पिढ्या गुळवे. उसाचा रस काहिलीत उकळत असताना तो नेमक्या कुठल्या क्षणी चुलवाणावरून खाली घ्यायचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. बाकीचे ऊस तोडतात, चरकात घालतात, जाळ लावतात, घामाघूम होतात. गुळव्या बसून असतो, आणि शेवटी एक शब्द बोलतो. चौगुल्यांच्या घराण्यात तो शब्द होता "उतरवा". काहील तापलेली असताना हा शब्द दुसऱ्या कुणी, दुसऱ्या कशासाठीही उच्चारायचा नाही, असा घरातला कडक नियम. आणि वारसा द्यायची पद्धत त्याहून विचित्र. म्हातारा गुळव्या एका वर्षी, कुणालाही न सांगता, वेळ आली तरी गप्प बसायचा. त्या शांततेत जो आपल्या हिमतीवर "उतरवा" म्हणेल, तो पुढचा गुळव्या. चुकला तर अख्खी काहील वाया. काकांच्या वडिलांनी असंच तोंड मिटलं तेव्हा थोरला भाऊ विचार करत राहिला आणि विशीतले काका बोलून गेले.

"मग भाऊ रागावला का?" मी विचारलं होतं.

"रागावला तर. त्यानंच पुढं गुऱ्हाळ पाडून मंगल कार्यालय बांधलं. आता तिथं पंगती उठतात. चुलवाण हुतं तिथं वधूपक्षाचा संडास हाय."

काका स्वतः तोवर ऑस्ट्रेलियात आले होते. आयुष्यभर त्यांनी शीतगृहं दुरुस्त केली. सुपरमार्केटं, खाटकांची दुकानं, फुलवाले, जिथे जिथे मोठा फ्रीज तिथे काका. घराणं आगीचं आणि धंदा बर्फाचा. रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं की हात आपल्याबरोबर मरू द्यायचा नाही. तो पुढे द्यायचा, आणि द्यायचा तर चुलीसमोरच देता येतो.

ऊस का लावत नाही, असं त्यांना सगळ्यांनी विचारून झालं होतं. सिडनीत ऊस चांगला येतो. काकांचं उत्तर तयार असे. "ऊस लावला की चरक आला. चरक आला की बैल आलं. बैल ठेवू देती काय कौन्सिल? त्यापेक्षा मेपल बरा. मेपल म्हंजे उसाचा सावत्र भाऊ. टोचलं की रस. बैलाचं काम झाडच करतंय." लहान चरक मोटरवर चालतो, हे फ्रीजच्या मोटरी जोडण्यात हयात घालवलेल्या माणसाला सांगण्यात अर्थ नव्हता. बैलाशिवाय चरक त्यांच्या डोक्यात बसत नव्हता.

आमची पहिली भेट जूनमध्ये झाली. कुंपणावरून एक टोपी दिसली, मग चष्मा. माझ्या गळ्यात हॉस्पिटलचा बिल्ला होता.

"डॉक्टरीणबाई, एक वायर देता काय? झाड गार करायचंय."

मी कारण विचारलं. मेपलचा रस चढायला रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊब लागते, त्या ओढाताणीत रस हलतो, असं त्यांनी मला नीट समजावलं. सिडनीत थंडी म्हणजे जाडसर स्वेटर. पण काका थंडीतले तज्ज्ञ. एका बंद पडलेल्या दारूच्या दुकानातून त्यांनी जुना कॉम्प्रेसर आणला होता, तांब्याची नळी खोडाभोवती सापासारखी गुंडाळली होती, वरून फोमचा थर आणि त्यावर काकूंची जुनी गोधडी. सकाळी हे सगळं बंद करून ते झाडाला इलेक्ट्रिक ब्लँकेट नेसवायचे. त्यांच्या घरचा प्लग कॉम्प्रेसरचा भार पेलेना, म्हणून माझी वायर.

मी दिली. आमच्या लॉन्ड्रीच्या खिडकीतून ती वायर पुढची बारा वर्षं हिवाळाभर लोंबत राहिली.

नळीने भागेना तेव्हा बर्फ. सर्व्होत, म्हणजे पेट्रोल पंपावर, जाऊन ते बर्फाच्या दहा-दहा पिशव्या घ्यायचे. काउंटरवरचा पोरगा पंजाबी होता. त्याने एकदा कौतुकाने विचारलं, "अंकल, रोज पार्टी?"

"नाही बेटा," काका म्हणाले, "पेड के लिए."

पोराने पिशव्या मोजून दिल्या. गिरावीनमध्ये कुणाच्या व्रतवैकल्यांत कुणी नाक खुपसत नाही.

पहिल्या वर्षी खोडाला भोक पाडून खाली स्टीलची बादली टांगली. आठ दिवसांत दोन चमचे पाणी जमलं. त्याला फरशी पुसायच्या फिनाइलचा वास होता. काका दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी बादलीत अर्धा लिटर स्वच्छ, गोडसर पाणी होतं आणि काका अंगणात उघड्या पायांनी गोल फिरत होते.

उघड्या पायांनी फिरायची ती जागा नव्हती. त्या झाडाखाली काट्यांचे छोटे गोळे पडायचे. एकदा धुणं काढताना त्यातला एक माझ्या टाचेत घुसला. मी तो आणि एक पान घेऊन नर्सरीत गेले. तिथल्या बाईने चष्मा न लावताच सांगितलं, "लिक्विडॅम्बर, लव्ह. सगळ्यांना मेपल वाटतं. मेपलला काटे नसतात." याच्या रसाचा पाक करतात का, असं मी विचारलं. तिने आता चष्मा लावला, माझ्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "तू करू नकोस."

मी काकूंना गाठलं. त्या तांदूळ निवडत होत्या. ऑस्ट्रेलियात तांदळात खडे नसतात, तरी निवडायच्या.

"काकू, ते झाड मेपल नाहीये."

"मला माहीत आहे."

"मग बादलीत गोड पाणी कुठून येतं?"

"मी साखर घालते. गूळ घातला असता तर रंगावरून कळलं असतं ह्यांना." त्यांनी ताट झटकलं. "आयुष्य काढलं ह्या माणसाबरोबर. एक किलो साखर काय जड आहे? तू बोलू नकोस कुठे."

मी बोलणार नव्हते. पण काकूंचा गुडघा दुखत होता आणि पहाटे दवात अंगणात जाणं त्यांना बरं नव्हतं. मी सकाळच्या शिफ्टला निघते तेव्हा वाटेत एक जग साखरपाणी ओतायला मला काही कष्ट नव्हते. एका सोमवारी मी जग घेऊन कुंपणाच्या फाटकातून आत गेले, तर बादलीपाशी काकू उभ्या. त्यांच्याही हातात जग. आम्ही कुजबुजत असताना मागच्या कुंपणावरून टोनीचं डोकं वर आलं. टोनी म्हणजे मागच्या गल्लीतला इटालियन म्हातारा, ऐंशीच्या पुढचा, मधमाश्या पाळणारा. त्याच्या हातात मधाची बरणी होती आणि चेहऱ्यावर चोरी पकडल्याचा भाव होता. चोरी कुणाची, हे तिघांनाही ठरवता येईना.

"हाऊ लाँग?" मी विचारलं.

"टू विंटर्स," टोनी म्हणाला. "ही वॉज सो सॅड."

मला अव्यवस्थित कामाचा तिटकारा आहे. त्याच आठवड्यात मी रोस्टर केला. सोमवार-गुरुवार मी, मंगळवार-शनिवार काकू, बुधवार टोनी. शुक्रवारी आणि रविवारी काही घालायचं नाही, म्हणजे झाडावर संशय येणार नाही. प्रमाण लिहून दिलं. रोस्टर फ्रीजवर चिकटवता येत नव्हता, म्हणून तो काकूंच्या डाळीच्या डब्यात असे. एकदा टोनीला न्यूमोनिया झाला तेव्हा त्याचा बुधवार मी घेतला आणि बरा झाल्यावर त्याने माझा एक सोमवार घेऊन तो फेडला. माझ्या लॅबमध्ये इतकी शिस्त कधी पाळली गेली नाही.

प्रमाण मात्र कुणी पाळलं नाही. टोनीचा हात सैल. कॅनडात चाळीस लिटर रसातून एक लिटर पाक निघतो. काकांनी एका वर्षी आठ लिटरमधून दोन काढला. चाराला एक. त्यांनी तो आकडा अंगणाच्या भिंतीवर खडूने लिहिला, भोवती चौकट काढली आणि कॅनडातल्या कुठल्याशा शेतकऱ्यांच्या संघटनेला त्यांच्या पद्धतीत काय चुकतंय हे कळवणारं दोन पानी पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. "जळतंय त्येंचं," काका म्हणाले.

पाक उकळायचा दिवस ऑगस्टमधला एखादा शनिवार. अंगणात विटांचं चुलवाण, त्यावर केटरिंगवाल्याकडून घेतलेला मोठा स्टीलचा ट्रे. त्याला काहीलच म्हणायचं. गल्लीतल्या प्रत्येकाने यायचं, आणि आपापलं भांडं आणायचं, कारण गुऱ्हाळावर आलेला माणूस रिकामा जात नाही. धुराची तक्रार झाली म्हणून एकदा कौन्सिलचा माणूस आला. त्याने भांडं आणलं नव्हतं. काकांनी त्याच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी ओतून दिलं आणि तिच्यात पाक भरला. पुढच्या वर्षी तो रीतसर बरणी घेऊन आला, तक्रार नसताना.

त्या दिवशी जिभेवर ताबा ठेवावा लागे. एकदा मी गाडीतून खुर्च्या आणल्या आणि सवयीने टोनीच्या नातवाला म्हणाले, त्या जरा उतरवून घे. काकांनी कपाळावर हात मारला, जाळ ओढून टाकला आणि पंधरा मिनिटांनी तो नव्याने लावला. तेव्हापासून मी "खाली घे" म्हणायला शिकले.

काका स्वतः पाक खात नसत. शुगर होती. चहात गोळी टाकायचे. "गुळव्या चाखतो, गिळत नाही," असं म्हणून ते थेंब जिभेवर फिरवायचे आणि तोंड धुवायचे. पण जीभ भयंकर. गावाकडे कुणाचा ऊस नदीकाठचा आणि कुणाचा माळावरचा हे ते चाखून सांगत, आणि ते खोटं नव्हतं, काकूंनी पाहिलेलं होतं. त्यामुळे चाराला एकच्या वर्षी त्यांनी थेंब चाखला आणि भुवया जवळ आणल्या, तेव्हा आम्ही तिघं रोस्टरवाले एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

"ऊस हाय ह्यो," काका म्हणाले.

चुलीतलं लाकूड तडकलं.

"आणि मागनं फुलाचं कायतरी येतंय. युकॅलिप्टस असंल." त्यांनी पुन्हा चाखलं. मग मान ताठ झाली. "घराण्याचा हात हाय, डॉक्टरीणबाई. कुठल्या बी झाडाला लावा. ऊसच येणार."

त्यांना माहीत होतं का, असं मला लोक विचारतात. मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. उत्तर काहीही आलं असतं तरी मला रोस्टर नव्याने करावा लागला असता.

गुळव्याची खरी परीक्षा बोटांची. हात गार पाण्यात बुडवायचा, उलथन्यावरून उकळता पाक चिमटीत घ्यायचा आणि तार बघायची. "उशीर झाला की चिक्की, घाई झाली की पाणी," हे त्यांचं ब्रीद. लग्न, नोकरी, मुलांची अ‍ॅडमिशन, सगळ्याला तेच लावायचे. दोन वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं की काका चिमूट धरून ठेवतात, सोडतच नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन्ही बोटांवर फोड होते.

"दुखत नाही?"

"थंडीतला हात हाय. त्याला काय हुतंय?"

मी शुगरवाल्यांचे रिपोर्ट रोज बघते. बोटं बधिर व्हायला लागली की माणूस आधी तेच म्हणतो, काय होतंय. मी त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. ते गेले, गोळ्या आणल्या आणि दुसऱ्या आठवड्यात काकूंना म्हणाले, "पुढच्या हिवाळ्यात मुग्धाला बोलावून घे."

मुग्धा त्यांची एकुलती एक मुलगी. मेलबर्नला ट्रुगानिनात राहते, डेटाचं काही काम करते. तिला आजवर चुलीजवळ येऊ दिलं नव्हतं असं नाही, तीच येत नव्हती. त्यातच झाडाच्या मुळांनी सांडपाण्याचा पाइप फोडला. प्लंबर, मग झाडांचा तज्ज्ञ, मग कौन्सिलची परवानगी. झाड सप्टेंबरमध्ये पाडायचं ठरलं. म्हणजे ऑगस्टचा शनिवार शेवटचा. काका त्याबद्दल एवढंच म्हणाले, "मग आता चुकायची सोय न्हाई."

मुग्धा आदल्या दिवशी आली, एक डिजिटल थर्मामीटर घेऊन.

"बाबा, एकशे चार डिग्री. इट्स सायन्स. एकशे चारला रेडी."

"बरं."

"मी वाचलंय सगळं. डोन्ट वरी."

"म्या कुठं वरी करतोय?"

शनिवारी सगळी गल्ली भांडी घेऊन आली. कौन्सिलचा माणूसही आला. टोनीला व्हीलचेअरवरून आणलं होतं. मुग्धा ट्रेपाशी उकिडवी बसली, थर्मामीटरची सळई पाकात धरून. काका तिच्यासमोर पाटावर. काकू मागे दोरीवरचे कपडे काढत होत्या, कारण धुराचा वास लागतो. त्यांना चुलीजवळ कधीच जागा नव्हती. घराण्यात सुना काहिलीपाशी बसत नसत.

पाक मोठ्या बुडबुड्यांवरून बारीक बुडबुड्यांवर आला. काकांनी हात पाण्यात बुडवला, चिमूट घेतली, बोटं एकमेकांवर घासली. पुन्हा घेतली. मग हात मांडीवर ठेवला आणि गप्प बसले.

ते गप्प बसलेत हे सगळ्यांत आधी टोनीला कळलं. त्याने माझी बाही धरली. बारा वर्षं तो वारशाची ती गोष्ट ऐकत होता.

"शंभर पॉइंट नऊ," मुग्धा म्हणाली. "एकशे एक."

रंग बदलला. काका मुलीकडे बघत होते. इतकं स्पष्ट बघणं मी कुणाचं पाहिलेलं नाही. ते घराण्याच्या पद्धतीने गप्प होते की बोटांना काही कळलंच नाही म्हणून गप्प होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता आलं नाही.

"एकशे दोन. अजून टू डिग्रीज, बाबा."

सळईचं टोक पाकात पुरतं बुडालेलंच नव्हतं. मला ते दिसत होतं. मी बोलणार होते. तेवढ्यात मागून, दोरीपाशी, तोंडात कपड्यांचा चिमटा धरून, पाठ आमच्याकडे असताना काकू म्हणाल्या,

"उतरवा आता. करपायला लागेल."

मी आणि कौन्सिलचा माणूस जवळ होतो. आम्ही दोन्ही कड्या धरल्या आणि ट्रे खाली घेतला. मी इतकी वर्षं पाहिलेल्यांत तो सगळ्यांत चांगला पाक होता. मधाच्या रंगाचा, तार एकसारखी. मुग्धा थर्मामीटरकडे बघत राहिली. तो अजून एकशे दोनच म्हणत होता.

काकू वळल्या. सगळे आपल्याकडेच बघतायत हे त्यांना तेव्हा दिसलं. चिमटा तोंडातून काढून त्या म्हणाल्या, "काय झालं?"

काका उठले. वेळ लागला, गुडघे धरले होते. त्यांनी पाट उचलला, दोरीपर्यंत नेला आणि काकूंच्या पायाशी ठेवला.

"बस," ते म्हणाले.

"मला कपडे काढायचेत."

"मी काढतो."

आणि त्यांनी काढले. वाईट घड्या घातल्या. काकू पाटावर बसून ज्याच्या त्याच्या भांड्यात पाक वाढत होत्या आणि अधूनमधून म्हणत होत्या, "अहो, ती बाही उलटी आहे." इतकी वर्षं पाक मुळात कोण करत होतं, हे त्या अंगणातल्या तिघांना माहीत होतं. त्यातली एक पाटावर बसली होती.

झाड पाडलं. त्यानंतर घर विकून दोघं ट्रुगानिनाला मुलीकडे गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सामान नेणारा ट्रक आला त्या सकाळी. मी वायर गुंडाळून घ्यायला गेले होते. ट्रकवाली दोन धिप्पाड पोरं होती, त्यांनी काहिलीचा ट्रे सगळ्यांत वर, कपाटावर उलटा टाकून ठेवला होता. तो काका मांडीवर घेऊन जाणार होते.

"मेट," काका त्या पोरांना म्हणाले, "दॅट ट्रे... तो ट्रे... डाउन..." आणि थांबले. चूल पेटलेली नव्हती, मराठी कळणारं तिथे आम्हा तिघांशिवाय कुणी नव्हतं, आणि पोरांना "डाउन" एवढं पुरेसंही होतं. पण काका हात वर करून तसेच उभे राहिले, आणि मग गाडीत पट्टा लावून बसलेल्या काकूंकडे वळले.

"अगं, तू सांग की त्यांना."

काकूंनी काच खाली केली. "काय सांगू?"

"तूच सांगायचं आता. आमी कसं सांगणार?"

काकूंनी ट्रककडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"उतरवा," त्या म्हणाल्या.

दोन्ही पोरांनी मुकाट्याने ट्रे खाली दिला.